जुन्या वर्तमानपत्रांतून घराण्याचा शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी आजी सांगायची, तिच्या आईचा जन्म ‘गाव बाहेर पडलं होतं तेव्हा’ शेतातल्या खोपटात झाला. साल कुणालाच माहीत नव्हतं, ‘नव्वदसालाच्या पुढे कधीतरी’ एवढंच. त्या एका वाक्यामागे लागून मी संगणकावर आलेली जुनी वर्तमानपत्रं चाळायला लागले आणि मग थांबलेच नाही. आता ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करून विचारतात. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आमच्या घराण्यात कुणी नामवंत नव्हतं. आमच्याबद्दल वर्तमानपत्रात काय असणार?

पुष्कळ असू शकतं. अग्रलेख आणि मोठ्या बातम्या सोडून द्या. शेवटच्या पानांवरचा बारीक टाइप वाचा. तिथे मॅट्रिकच्या निकालाची यादी असते. सरकारी नेमणुका, बदल्या आणि रजा असतात. दुष्काळफंडाला, शाळेच्या इमारतीला किंवा एखाद्या स्मारकाला ज्यांनी आठ आणे, रुपया दिला त्यांची ‘पोच’ असते. कोर्टाच्या नोटिसा, जमिनीचे लिलाव, हरवलं-सापडलं, दुकान दुसरीकडे हलवल्याची जाहिरात असते. १९३० आणि १९४२ च्या अंकांत सत्याग्रहात शिक्षा झालेल्यांची नावं गावानिशी येतात. गिरगाव-लालबागकडच्या घरांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची वर्षं, म्हणजे १९५५ ते १९६०, अवश्य पाहावीत. जखमी आणि अटक झालेल्यांच्या बातम्यांत साधीसुधी नावं भरलेली आहेत.

पण खरी गंमत नाव न सापडताही असते. पणजीचं उदाहरण सांगते. तिचं नाव मला कुठल्याही अंकात मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. ‘गाव बाहेर पडलं’ म्हणजे प्लेग. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेगची साथ जाहीर झाली आणि पुढची कित्येक वर्षं तो दर हिवाळ्यात गावोगाव फिरत राहिला. उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून रानात झोपड्या घालत. मी साताऱ्याकडच्या आमच्या गावाचं नाव धरून त्या वर्षांतल्या एका साप्ताहिकाचे हिवाळ्याचे अंक एकेक करून वाचले. प्लेगच्या तक्त्यात दोनच रकाने असायचे, लागण आणि मृत्यू. एका अंकात बातमीदाराच्या पत्रात चार ओळी होत्या. मार्गशीर्षापासून सारं गाव शेतात आहे, शाळा बंद आहे, बाजार माळावर भरतो. सुमारे आठ आठवड्यांनी त्याच बातमीदाराची पुढची ओळ आली, लोक गावात परत येऊ लागले. त्या आठ आठवड्यांत माझी पणजी जन्मली. बाळंतिणीला शेकायला कडबा जाळला होता, असं आजी म्हणायची. थंडीचे दिवस होते हे अंकांशी जुळलं. जन्मनोंद नसलेल्या बाईची जन्मतारीख दोन महिन्यांच्या आत आणता आली, तीही तिचं नाव एकदाही न दिसता.

म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगते: नावामागे धावण्याआधी गाव आणि दिवस धरा.

मराठी वर्तमानपत्रं किती जुनी मिळतात?

बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. ‘प्रभाकर’ १८४१ चं. अमेरिकन मिशनचं ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालं. पुण्याचं ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ चं, पुढे १९०४ पासून दैनिक, आणि ते १९५१ पर्यंत चाललं. मुंबईचं ‘इंदुप्रकाश’ १८६२ चं. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, त्याच्या दोन दिवस आधी इंग्रजी ‘मराठा’. ‘सकाळ’ १९३२ पासून.

घराण्याच्या शोधासाठी १८७० नंतरचे अंक जास्त उपयोगी पडतात. त्याआधीच्या पत्रांची पानं कमी, आणि गावोगावच्या बातमीदारांची पत्रंही तुरळक. एक सावधगिरी आहे: ‘मराठा’ नावाची दोन पत्रं झाली. एक टिळक-आगरकरांच्या काळचं इंग्रजी साप्ताहिक, दुसरं आचार्य अत्र्यांचं १९५६ चं मराठी दैनिक. शोधात दोन्ही एकत्र येतात आणि घोळ होतो.

हे अंक बघायला कुठे मिळतात?

सगळे एका ठिकाणी मिळत नाहीत.

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथ संजीवनी’ हा संगणकीय संग्रह आहे. त्यात मुंबईची जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं आहेत. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे आणि त्याच्याकडे जुन्या नियतकालिकांचा मोठा साठा आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून पाच वर्षं आधीचं. पुण्याचं नगर वाचन मंदिर, रत्नागिरीचं नगर वाचनालय अशी शतक ओलांडलेली वाचनालयं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तिथे संगणकावर काही नसेल, तरी बांधलेल्या फायली असतात. ‘केसरी’च्या जुन्या फायलींसाठी पुण्याचा केसरीवाडा. दिल्लीला तीनमूर्ती भवनातल्या ग्रंथालयात भारतीय वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्मचा मोठा संग्रह आहे.

इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर मराठी नियतकालिकांचे सुटे अंक आणि बांधीव खंड सापडतात, पण नावं कशीही टाकलेली असतात. मराठी नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही तऱ्हांनी टाकून बघा.

‘टाइम्स ऑफ इंडिया’ १८३८ पासूनचा, तेव्हाचं नाव ‘बॉम्बे टाइम्स’. त्याचे संगणकीय अंक प्रोक्वेस्ट या सेवेत आहेत. घरून वर्गणी भरायची गरज नाही. मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे बहुधा ती असते, चौकशी करून तिथे जाऊन बसा. ‘ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्ह’ ही पैसे देऊन वापरायची सेवा. तिच्यात ‘बॉम्बे गॅझेट’, ‘होमवर्ड मेल’ अशी हिंदुस्थानशी संबंधित पत्रं आहेत. पूर्वज रेल्वेत, तारखात्यात किंवा पलटणीत असतील तर महिन्याभराची वर्गणी वाया जात नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक पाहतात. इंग्रज सरकार देशी वर्तमानपत्रांवर नजर ठेवायचं. मुंबई इलाख्यात मराठी, गुजराती, कानडी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला तयार होई. मूळ अंक वाळवीनं खाल्लेले असले, तरी हे गोषवारे टिकले आहेत, आणि त्यांतले बरेच संगणकावर आले आहेत. एखाद्या गावात दंगा झाला, मामलेदाराविरुद्ध तक्रार गेली, पाण्यावरून वाद झाला, तर मूळ मराठी पत्र हरवूनही त्याची चार ओळींची इंग्रजी सावली तिथे सापडते.

शोधाच्या चौकटीत आजोबांचं नाव टाकलं तर काहीच येत नाही. म्हणजे तिथे काही नाही का?

असा निष्कर्ष काढू नका. नव्वद टक्के लोक इथेच निराश होऊन उठतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

पानाचा फोटो काढल्यावर संगणक त्यातली अक्षरं ओळखून मजकूर तयार करतो. तुम्ही शोधता ते त्या मजकुरात, फोटोत नव्हे. इंग्रजीसाठी हे काम बरं होतं. जुन्या मराठी छपाईत मात्र फार चुका होतात. अक्षरांचे खिळे (टाइप) झिजलेले, शाई पसरलेली, मागच्या पानावरचा मजकूर पुढे उमटलेला. शिरोरेघ मध्येच तुटलेली असते, मग ‘भ’चा ‘म’ होतो, ‘घ’चा ‘ध’, ‘ष’चा ‘प’, ‘थ’चा ‘य’. ‘ब’ आणि ‘व’ तर सतत एकमेकांच्या जागी बसतात. जुन्या वळणाचे ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ वेगळ्या आकाराचे असतात, तिथे यंत्र पार गोंधळतं. आकड्यांत १ आणि ९, ५ आणि ६ यांची अदलाबदल होते. ‘घाणेकर’ शोधायचं असेल, तर ‘धाणेकर’ही टाकून पाहा. ‘भावे’ शोधताना ‘मावे’ टाका.

त्यात आपल्या भाषेची स्वतःची अडचण आहे. मराठीत नाव विभक्तीनं बदलतं. बातमीत ‘रानडे’ क्वचित येतं. येतं ते ‘रानड्यांनी’, ‘रानड्यांस’, ‘रानड्यांचे’. ‘रानडे’ टाकलं की हे एकही सापडत नाही. म्हणून नावाचा न बदलणारा तुकडाच शोधा: ‘रानड’, ‘गोखल’, ‘देशपांड’. अर्धवट शब्द चालत नसेल, तर प्रत्येक रूप वेगळं टाकावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण हाच उपाय आहे.

मग शुद्धलेखन. आज आपण लिहितो ते नियम १९६२ चे. त्याआधी ‘नांव’, ‘गांव’, ‘पुणें’, ‘ठाणें’, ‘कोंकण’, ‘केलें’, ‘घरीं’ असे अनुस्वार सगळीकडे असत. ‘बेळगाव’ शोधून ‘बेळगांव’ मिळत नाही. आडनावांचीही तीच गोष्ट: कुलकर्णी आणि कुळकर्णी, साठे आणि साठ्ये, देशपांडे आणि देशपांड्ये. सगळी रूपं कागदावर लिहून समोर ठेवा आणि एकेकाला टिक करत जा.

हे सगळं करूनही हाती काही लागलं नाही, तर शोधाची चौकट बंद करा आणि पानं उलटा. खरं सांगायचं तर मला जे मोलाचं सापडलं ते सगळं पानं उलटतानाच. साप्ताहिकाचे वर्षाला पन्नासेक अंक असतात. तीन वर्षांचे अंक म्हणजे रोज एक तास धरला तर दोन-तीन महिन्यांचं काम. फार नाही. फक्त कुठली तीन वर्षं, हे आधी ठरवून घ्या.

ती वर्षं ठरवायची कशी?

घरातून. लग्नपत्रिका, देवघरातल्या पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या तारखा, ताम्हनावर कोरलेलं नाव आणि साल, फोटोच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का, जुनं खरेदीखत, शाळेचा दाखला. घरात कुलवृत्तान्त असेल तर उत्तम. कित्येक मराठी घराण्यांचे छापून झालेले आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वज कधी आले, सोबत कोण होतं, याची नोंद मिळते.

आणि म्हाताऱ्या माणसांना ‘साल कुठलं?’ असं विचारू नका. ‘तेव्हा काय चाललं होतं?’ असं विचारा. दुष्काळ होता का, साथ होती का, पूर आला होता का, गांधी येऊन गेले होते का. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ, प्लेग, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, १९६१ चा पानशेतचा पूर. लोकांच्या आठवणी याच खुंट्यांना अडकवलेल्या असतात, आणि वर्तमानपत्रं याच घटनांनी भरलेली असतात.

इंग्रजी वर्तमानपत्रांत आपली नावं ओळखू कशी येणार?

साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं तो लिहायचा. ठाणे म्हणजे ‘तन्ना’, वसई म्हणजे ‘बसीन’, सुवर्णदुर्ग म्हणजे ‘सेव्हर्नद्रूग’, बाणकोट म्हणजे ‘बँकूट’. मधल्या ‘अ’साठी सर्रास ‘यू’ वापरत, ‘ऊ’साठी दोन ‘ओ’, ‘ई’साठी दोन ‘ई’, शेवटच्या ‘पूर’साठी ‘पोर’. ‘व’ला कधी व्ही, कधी डब्ल्यू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे सरकारी स्पेलिंग थोडी एकसारखी होत गेली. त्याआधीच्या काळासाठी नाव मोठ्यानं उच्चारा आणि मराठी अजिबात न येणारा माणूस ते कसं लिहील, याचे पाच-सात प्रकार काढा.

आडनाव तर कित्येकदा नसतंच. ‘गोविंद विठ्ठल’ एवढंच नाव आणि खाली हुद्दा. तेव्हा स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव या जोडीवर शोधा.

‘बिन’, ‘कोम’, ‘भ्रतार’, ‘रा. रा.’ हे काय असतं?

हे कळलं की निम्मं काम होतं. नोटिशीतलं ‘विठू बिन राणू’ म्हणजे राणूचा मुलगा विठू. ‘सखू कोम विठू’ म्हणजे विठूची बायको सखू. ‘भ्रतार’ म्हणजे नवरा: ‘यमुनाबाई भ्रतार गोविंद’. मुसलमान नावांत ‘बिन’च्या जागी बहुतेक ‘वलद’ येतं. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, आजच्या ‘श्री.’सारखं. ‘रा. सा.’ रावसाहेब, ‘रा. ब.’ रावबहादूर, या सरकारी पदव्या. त्या ज्या वर्षी मिळाल्या त्या वर्षीच्या यादीत नाव नक्की असतं. ‘वे. शा. सं.’ म्हणजे वेदशास्त्रसंपन्न. ‘गं. भा.’ म्हणजे विधवा बाई. एखाद्या बाईच्या नावामागे ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ कधी आलं, यावरून नवऱ्याच्या मृत्यूचं वर्ष कळतं.

नोटिशीची रचना ठरलेली असते: अमुक बिन अमुक, राहणार मौजे अमुक, तालुका अमुक, ‘यांस कळविण्यांत येतें कीं’, आणि पुढे जमिनीच्या चतुःसीमा. पूर्वेस कुणाचं शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस कुणाची भिंत. चतुःसीमा कधीही गाळू नका. शेजाऱ्यांची नावं म्हणजे बहुधा चुलत घराण्याची नावं असतात. भाऊ वेगळे झाले की जमिनी बांधाला बांध लागूनच राहतात. एका स्नेह्यांच्या घरची हरवलेली शाखा मला अशीच ‘उत्तरेस’ या शब्दापुढे मिळाली.

न कळणारे शब्द आले तर मोल्सवर्थचा कोश उघडा. १८५७ ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर फुकट आहे, आणि त्या काळच्या कचेरीची भाषा तिच्याइतकी दुसरीकडे मिळत नाही.

बायकांचा शोध कसा घ्यायचा?

हे सगळ्यात अवघड, आणि मला सगळ्यात जवळचं. लग्नात नाव बदललं की माहेरचं नाव गेलं, आणि वर्तमानपत्रात ती कुणाची तरी पत्नी म्हणून येते. तरी काही जागा आहेत. मुलींच्या शाळांचे बक्षीस समारंभ, ट्रेनिंग कॉलेजचे निकाल, सुईणी आणि नर्सच्या परीक्षा, हळदीकुंकू आणि महिला मंडळांच्या सभांचे वृत्तान्त, वारसा आणि पोटगीचे दावे. दाव्यांत माहेर आणि सासर दोन्ही स्पष्ट असतं, कारण तिथे हक्काचा प्रश्न असतो. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहानंतर बायकांची नावं एकदम वाढतात. तुरुंगात गेल्यावर त्यांना स्वतःच्या नावानं लिहावंच लागलं.

तारीख तिथीत आहे, शके आहे. इंग्रजी तारीख कशी काढायची?

गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवा, १ जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. म्हणून ‘केसरी’चा पहिला अंक जानेवारी १८८१ चा असूनही शके १८०२ मधला. जमिनीच्या नोटिशीत फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, येतो. आपल्याकडे तो मृगाच्या सुमारास बदलतो, आणि त्यात ५९० मिळवले की वर्ष सुरू होतं तो इसवी सन येतो: फसली १३०० म्हणजे १८९०-९१. तिथीची नेमकी तारीख जंत्रीत पाहा किंवा इंटरनेटवरचं पंचांग वापरा. वार लिहिला असेल, तर त्यानं उत्तर ताडून पाहा. अधिक महिन्याच्या वर्षी हमखास चूक होते.

मोडी यायला हवी का?

वर्तमानपत्रांसाठी नाही, ती बाळबोध लिपीतच, म्हणजे देवनागरीतच, छापलेली आहेत. घरातले जुने कागद वाचायचे असतील तर हवी.

सापडलेला माणूस आमचाच कशावरून?

हा प्रश्न प्रत्येकानं स्वतःला विचारायलाच हवा. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत होती. म्हणजे रामचंद्राचा गोविंद, गोविंदाचा रामचंद्र, त्याचा पुन्हा गोविंद. ‘गोविंद रामचंद्र’ अमुक-अमुककर या नावाचे दोन पुरुष एकाच घरात दोन पिढ्यांच्या अंतरानं असतात. शिवाय भाऊबंदांत तीच नावं. मी सहा महिने एका कारकुनाच्या मागावर होते. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, जिल्हा तोच. बदल्यांच्या याद्यांतून त्याचा अख्खा प्रवास मांडला, घरी सगळ्यांना दाखवला. मग एका अंकात तो पेन्शन घेऊन निवृत्त झाल्याचं आलं, आणि त्या साली माझे पणजोबा जेमतेम तीस वर्षांचे होते. सारं बाजूला ठेवावं लागलं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

तेव्हापासून माझा नियम आहे: नाव आणि वडिलांचं नाव यांच्यापलीकडे निदान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. गाव, हुद्दा, वय, सासर, भाऊ यांपैकी कुठल्याही दोन. त्या जुळेपर्यंत नोंदीपुढे पेन्सिलनं प्रश्नचिन्ह.

छापलं आहे म्हणजे खरंच आहे ना?

तसं नाही. बातमीदार ऐकून लिहायचा, छापखान्यात नाव चुकायचं, आणि मृत्युलेखात माणूस जरा जास्तच चांगला होतो. पुढचे दोन-तीन अंक वाचा, दुरुस्ती असेल तर त्यांत येते. कोर्टाच्या बातमीत फिर्यादीचं म्हणणं आणि निकाल यांत गल्लत करू नका. फिर्याद मोठ्या अक्षरांत येते आणि सुटका झाल्याची ओळ चार महिन्यांनी कोपऱ्यात, ती शोधल्याशिवाय पूर्वजाला दोषी धरू नका.

आमचा समाज त्या काळच्या वर्तमानपत्रांत दिसतच नाही.

ही तक्रार खरी आहे. पुण्या-मुंबईची बरीचशी पत्रं शहरी, शिकलेल्या, वरच्या जातींच्या लोकांनी आपल्यासारख्यांसाठी चालवली. शेतकरी, कारागीर, अस्पृश्य मानलेले लोक त्यांत येतात ते बहुधा गुन्ह्याच्या, साथीच्या नाहीतर दुष्काळाच्या बातमीत, आणि पुष्कळदा नावाशिवाय, नुसत्या जातीच्या उल्लेखानं. वाचताना घशाशी येतं.

म्हणून दुसरी पत्रं पाहा. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेलं ‘दीनबंधु’, जे पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईहून चालवलं. गिरणी कामगारांची चळवळ त्यात आहे. डॉ. आंबेडकरांचं ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० चं, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ चं, त्यानंतर ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक महाराष्ट्र शासनानं ग्रंथरूपानं पुन्हा छापले आहेत. महाड १९२७, काळाराम मंदिर १९३० यांच्या आसपासचे सभावृत्तान्त ओळ न सोडता वाचा. कुठल्या गावाहून कोण आलं, कोण बोललं, कुणी वर्गणी दिली, हे तिथे शोधायचं. आजोबा ‘बाबासाहेबांच्या सभेला चालत गेले होते’ अशी आठवण घरात असेल, तर ती सभा कुठली आणि रस्ता किती मैलांचा, एवढं तरी निश्चित करता येतं.

मिशनच्या संपर्कात आलेल्या घरांसाठी ‘ज्ञानोदय’ आहे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाची स्वतःची मराठी नियतकालिकं होती. मुंबईतल्या पारशी आणि गुजराती घरांसाठी १८२२ पासूनचं ‘मुंबई समाचार’.

आमचं मूळ गोव्याचं आहे.

मग पोर्तुगीज लागेल, निदान कामापुरती. ‘ओ हेराल्दो’ १९०० पासूनचं दैनिक, १९८३ पर्यंत ते पोर्तुगीजमध्ये निघायचं. सरकारी राजपत्र, म्हणजे ‘बोलेतीं’, त्याहून जुनं आणि नेमणुका, कोमुनिदाद (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणारी संस्था), वारसा यांसाठी जास्त कामाचं. पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं संगणकावर आणली आहेत. मुंबईला आलेल्या गोवेकरांचा माग मुंबईच्या पत्रांतही लागतो.

मॉरिशसच्या मराठी घरांनी आधी तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या गिरमिट्यांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदींकडे जावं. वर्तमानपत्र नंतर.

जातीच्या दाखल्यासाठी किंवा पडताळणीसाठी जुनं कात्रण चालेल का?

हल्ली हा प्रश्न रोज येतो. कात्रणाच्या भरवशावर राहू नका. पडताळणीत वजन असतं ते शाळेच्या दाखल्याला, महसुली नोंदींना, गाव नमुना १४ ला, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो त्याला. त्याही मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या-त्या प्रवर्गासाठी ठरवलेल्या तारखेच्या, आधीच्या हव्यात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. कात्रणाचा उपयोग वेगळा आहे. पणजोबा अमुक साली अमुक तालुक्यात होते, हे त्यावरून कळलं की कुठल्या तहसिलीत, कुठल्या वर्षाची नोंद मागायची हे ठरतं. अर्ज मोघम राहत नाही.

घरच्यांना न आवडणारं काही सापडलं तर?

सापडतंच. दिवाळं, फौजदारी, टाकलेली बायको, आत्महत्या. माझं मत स्पष्ट आहे: नोंद पुसू नका, पण जाहीर करण्याआधी जिवंत माणसांना विचारा. एका घरात मी कात्रण आधी थोरल्या काकूंना एकटं बसवून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, ‘हे आम्हाला माहीत होतं गं, पण त्यांनी ते कर्ज बहिणीच्या लग्नासाठी काढलं होतं, ते ह्यात नाही आलं.’ ते वाक्य मी कात्रणाखाली लिहून ठेवलं, तारीख आणि त्यांच्या संमतीसह.

सापडलेलं पान जपायचं कसं, आणि वापरायला परवानगी लागते का?

नुसतं कात्रण कापून ठेवू नका. पूर्ण पानाची प्रत घ्या, पत्राचं नाव दिसेल अशी. फाइलचं नाव असं द्या: पत्र, तारीख, पान, रकाना. ‘आजोबा१’, ‘आजोबा नवीन’ अशा नावांच्या फाइली वर्षभरात निरुपयोगी होतात. मजकूर मूळ शुद्धलेखनात उतरवून घ्या, अनुस्वारासकट, आणि न लागलेली अक्षरं चौकोनी कंसात रिकामी ठेवा. अंदाजानं भरू नका. बापड्या नातवंडांना तो अंदाजच खरा वाटतो.

हक्कांचं म्हणाल तर, निनावी छापलेल्या मजकुराचा हक्क आपल्याकडे प्रसिद्धीपासून साठ वर्षं असतो, आणि लेखकाचं नाव असेल तर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. घरच्या अभ्यासाला अडचण नाही. पुस्तक छापणार असाल, तर ज्या संस्थेनं ते पान संगणकावर आणलं तिचं नाव द्या आणि तिच्या अटी वाचा.

आमच्या माळ्यावर जुन्या अंकांचा गठ्ठा आहे. त्याचं काय करू?

सगळ्यात आधी, रद्दीवाल्याला देऊ नका. त्या अंकाची दुसरी प्रत कदाचित कुठेच नसेल. तालुक्याच्या गावी निघणाऱ्या छोट्या साप्ताहिकांचे तर पूर्ण संच फार थोड्या ठिकाणी आहेत. घडी जबरदस्तीनं उलगडू नका, जुना कागद घडीवरच तुटतो. चिकटपट्टी लावू नका. ऊन दाखवू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा, मऊ ब्रशनं धूळ झाडा. कसर लागली असेल तर तो गठ्ठा घरातल्या इतर पुस्तकांपासून लांब. मग खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन पानाच्या अगदी समांतर धरून एकेक पानाचा फोटो घ्या. मधली घडी आणि चारही कडा दिसायला हव्यात. सगळ्या अंकांच्या तारखांची यादी करा आणि ती यादी घेऊन जिल्ह्याच्या ग्रंथालयात जा. त्यांच्या संचात कुठले अंक नाहीत, हे विचारा.

मागच्या पावसाळ्यात एका ओळखीच्यांच्या माळ्यावरून असे एकेचाळीस अंक खाली काढले. त्यांतले सात ग्रंथालयाच्या फायलीत नव्हते. ग्रंथपालबाईंनी ते दोन्ही हातांत घेतले आणि आधी पंखा बंद केला.